मालीशचं खरं शिक्षण कशाला म्हणायचं? (गोवा)

माशेलची_मावशी
नमस्कार मंडळी. विचारते आहे भाचीसाठी, पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून धागाच काढला.

भाची बारावी झाली आणि कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या स्पामध्ये रिसेप्शनवर लागली. आत काम करणाऱ्या मुलींना बघून तिला आता तेच शिकायचंय. हात तिचा मुळातच चांगला आहे. माझ्या आईचे गुडघे ती चोळायला लागल्यापासून आई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. घरात मात्र रोज खडाजंगी. भाऊ म्हणतो लोक काय म्हणतील, वहिनी म्हणते नर्सिंगचा फॉर्म भर.

मला हे काम मानाचंच वाटतं, त्यामुळे तो वाद मी इथे आणत नाही. माझा घोळ वेगळा आहे. तिने दाखवलेल्या जाहिरातींपैकी एकीत 'आठ दिवसांत आंतरराष्ट्रीय डिप्लोमा': स्वीडिश, थाई, बाली, डीप टिश्यू, हॉट स्टोन, पोटली, सगळं त्या आठ दिवसांत! दुसऱ्या ठिकाणी तीन महिने. तिसऱ्या ठिकाणी वर्षभर, पण ते पंचकर्म. प्रत्येकाच्या भिंतीवर सोनेरी शिक्क्याची प्रमाणपत्रं. परक्या माणसाच्या उघड्या अंगावर तासभर दाब द्यायचा, त्याच्या मानेला, पोटाला, मणक्याला हात घालायचा, आणि ते शिकायला किती दिवस लागतात, काय शिकवायचं, परीक्षा कुणी घ्यायची, याला आपल्याकडे काही धरबंधच नाही?

या क्षेत्रातल्यांनी सांगा. चांगला कोर्स ओळखायचा कसा? कुठल्या कागदाला अर्थ आहे? गोव्यात चौकशी कुठे करायची?

केपेकर
वहिनींशी सहमत. नर्सिंगला घाला. नोकरी पक्की, मान पक्का.

अश्वेवाली
केपेकर, नर्सिंग उत्तम आहे, पण मुलीला ते करायचंच नसेल तर? मी बरीच वर्षं याच कामात आहे, आता नव्या मुलींना शिकवते. संध्याकाळी सविस्तर लिहिते. मावशी, तोवर एक करा: त्या आठ दिवसवाल्यांना पैसे देऊ नका.

नारळीपाक
आठ दिवसांत सहा प्रकार? आमच्या सासूबाईंना नुसतं खोबरेल कोमट किती करायचं हे मला शिकवायला एक अख्खा पावसाळा लागला होता. :)

फिजिओ_फोंडा
मावशी, प्रश्न अगदी योग्य विचारलात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मालीश हा आमच्या कामाचा एक छोटा भाग, पण मालीश बिघडल्यावर माणसं आमच्याकडेच येतात.

माझ्या मते कोर्सची पारख एकाच गोष्टीवरून होते. हात कधी लावायचा नाही, हे तिथे शिकवतात का?

गोव्यातलंच उदाहरण घ्या. युरोपातून आलेला प्रवासी नऊ-दहा तास विमानात बसून मोपा विमानतळावर उतरतो. हॉटेलात बॅग टाकतो आणि म्हणतो, पाय भरून आलेत, पोटऱ्या जोरात दाबा. दोन्ही पाय सारखेच जड असतील तर बहुतेक थकवाच असतो. पण एकच पोटरी सुजलेली असेल, हाताला गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. लांबच्या प्रवासानंतर तो धोका वाढतो. अशी पोटरी चोळली आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. तिथे तेलाची बाटली खाली ठेवायची आणि डॉक्टरकडे पाठवायचं. हे ओळखायला पदवी लागत नाही. दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघायची आणि हाताच्या पाठीने उष्णता ताडून बघायची सवय लागते. ही सवय कुणीतरी लावावी लागते.

तीच गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची. डीप टिश्यूच्या, म्हणजे खोल दाबाच्या मालीशच्या नावाखाली कोपराने दाब दिला की दुसऱ्या दिवशी पाठ काळी-निळी. म्हाताऱ्या बाईची हाडं ठिसूळ असतील तर बरगडी मोडते. ताप असेल, अंगावर नायटा असेल, पायात मुंग्या येऊन बधिरपणा खाली उतरत असेल, तर मालीश नाही. गुडघ्यामागची लवण, जांघ, काख, गळ्याच्या दोन्ही बाजू, इथे शिरा-धमन्या वरवर असतात, तिथे जोर लावायचाच नाही.

आणि हो, सलूनमध्ये मान कडकन मोडून देतात ती पद्धत कृपा करून बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला त्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

केपेकर
@फिजिओ_फोंडा, मानेचं खरं की काय? मी दर दाढीनंतर मोडून घेतो.

फिजिओ_फोंडा
खरं आहे. उद्यापासून फक्त दाढी.

वैद्य_अंत्रुज
फिजिओंच्या मुद्द्याला आयुर्वेदाकडून दुजोरा. लोकांना वाटतं तेल लावणं म्हणजे कधीही, कुणालाही, कितीही. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करा, असं सांगितलंय, आणि तिथेच कुणी करू नये तेही सांगून टाकलंय: कफाचे विकार असलेल्यांनी, नुकतंच वमन-विरेचनासारखं (औषधाने ओकारी किंवा जुलाब करवून) शोधन झालेल्यांनी, अजीर्ण असलेल्यांनी. म्हणजे शिस्त आपल्याकडे पूर्वापार आहे.

मावशी, तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या करायला हव्यात. पंचकर्म सहाय्यकाचं काम वैद्याच्या हाताखाली, वैद्याने लिहून दिलेल्या उपचारानुसार चालतं. कुठलं तेल, किती वेळ, नंतर स्वेदन (घाम आणणारा शेक) द्यायचं की नाही, हे सहाय्यक ठरवत नाही. स्पा थेरपिस्टकडे येतो तो आराम हवा असलेला धडधाकट माणूस, आणि त्याला काय चालेल ते तिने स्वतःच ताडायचं असतं. दोन्ही कामं चांगली, पण शिक्षण एक नाही. किनारपट्टीवर 'आयुर्वेदिक मसाज'च्या पाट्या इतक्या लागल्यात आणि आत वैद्य औषधालाही सापडत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

केरळने यात फार पूर्वीच लक्ष घातलं. तिथल्या पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांना ग्रीन लीफ आणि ऑलिव्ह लीफ अशा श्रेणी दिल्या. श्रेणी हवी तर पात्र वैद्य हवा, शिकलेले थेरपिस्ट हवेत, पुरुषाला पुरुषाने आणि स्त्रीला स्त्रीनेच मालीश करायची, द्रोणी (तेल-मालीशचं लाकडी टेबल) आणि खोली ठराविक मापाची हवी. तिथे दोघं थेरपिस्ट दोन बाजूंनी एकाच लयीत अभ्यंग करतात, माणसाला बसवून, उताणं, कुशीवर अशा ठरलेल्या स्थितींमधून नेतात. ती लय आठ दिवसांत बसत नाही हो.

हरमलकर
माझं छोटं गेस्ट हाऊस आहे, दोन मालीशच्या खोल्या आहेत. मालकाच्या बाजूने लिहितो.

ऑक्टोबर उजाडला की माणसं शोधायची धांदल. जो येतो त्याच्याकडे प्रमाणपत्र असतंच, आणि त्यावरून मला काडीचंही कळत नाही. म्हणून मी प्रत्येकाकडून आधी माझीच पाठ करून घेतो. बहुतेक जण कणीक मळल्यासारखी पाठ मळतात. चांगला माणूस तेल हातावर घेण्याआधी विचारतो: काही दुखणं, काही ऑपरेशन, कुठल्या गोळ्या? असं विचारणारा भेटला की मी त्याला सोडत नाही.

एक गोष्ट कुठल्याच कोर्सला शिकवत नाहीत, ती इथे सांगतो. तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरम-गरमच घड्या करून रचून ठेवले, तर आतल्या आत तापत जातात आणि पेट घेऊ शकतात. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी रात्री कपाटातून धूर निघाला होता. टॉवेल चांगले गार होऊ द्यायचे, मगच घडी. हे पण शिक्षणच.

डिचोलीकरीण
सगळं पटतंय, पण वाचताना आईची फार आठवण येते आहे, म्हणून लिहिते.

माझी आई गावात बाळंतिणींना न्हाऊ घालायची. शाळा चौथीपर्यंत. बाळ पायांवर आडवं घेऊन खोबरेल लावायची ते डोळ्यांसमोर आहे. टाळूवर तिचा हात नुसता फिरायचा, दाब कधीच नाही. बाळंतिणीच्या पोटाला हात लावण्याआधी कपाळाला लावायची. अंग गरम लागलं तर तेलाचं भांडं उचलून ठेवायची आणि घरच्यांना सांगायची, आज न्हाण नाही, डॉक्टरला दाखवा. फिजिओ जे सांगताहेत ते तिला ठाऊक होतं, तिच्या आईकडून आलेलं होतं.

उद्या मानकं आली, तास मोजले गेले, परीक्षा आली, तर अशा बायकांचं काय? गावोगावी अजून आहेत त्या. कागद नाही म्हणून त्यांना बाजूला सारणार आणि आठ दिवसवाले सोनेरी शिक्का घेऊन आत?

फिजिओ_फोंडा
डिचोलीकरीणताई, तुमच्या आईंना नमस्कार. कपाळाला हात लावून ताप बघणं म्हणजेच तपासणी, तिला दुसरं नाव नाही. पण सगळ्याच घरी अशी आई नसते. बाळाच्या नाका-कानात तेल सोडायची पद्धत अजून घरोघरी आहे आणि बालरोगतज्ज्ञ ती बंद करा म्हणून कानीकपाळी ओरडतात. तेल श्वासातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. परंपरेतलं चांगलं ठेवायचं आणि हे काढायचं, यासाठीच कुणीतरी बसून अभ्यासक्रम ठरवायला हवा.

डिचोलीकरीण
नाकात तेल आईही सोडायची. ते चूक, मान्य. पण अभ्यासक्रम ठरवायला बसाल तेव्हा अशा दोन-चार बायकांनाही त्या टेबलाशी बसवा, एवढंच म्हणते.

नारळीपाक
विषय निघालाच आहे तर, सर्दीला छातीला फेणी चोळणारे किती जण इथे?

केपेकर
उपस्थित. काजूचीच हवी, माडाची नाही.

हरमलकर
आमच्याकडे एका पाहुण्याने फेणीनेच पूर्ण मालीश मागितली होती. आजीने ऐकलं आणि म्हणाली, इतकी फेणी पाठीवर ओतायची तर पोटाने काय पाप केलं!

वैद्य_अंत्रुज
मंडळी, मूळ विषय.

आल्तिनोवरून
मूळ विषयाकडे येतो. वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू.

मालीश करणाऱ्याला परवाना देणारा देशपातळीवरचा कायदा आपल्याकडे नाही. आरोग्यक्षेत्रातल्या सहाय्यक व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात फिजिओथेरपी आली. स्पामधली मालीश 'सौंदर्य आणि स्वास्थ्य' या कौशल्यगटात राहिली. म्हणजे आज मिळतं ते कौशल्याचं प्रमाणपत्र. व्यवसायाचा परवाना म्हणतात तो नव्हे.

त्या कौशल्यगटात राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीप्रमाणे सहाय्यक स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट अशा पायऱ्या आहेत. सहाय्यक आधी, थेरपिस्ट त्याच्या वर. मावशी, कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: तुमचा कोर्स या चौकटीतल्या कुठल्या पात्रतेचा, आणि परीक्षा तुम्हीच घेता की बाहेरचा परीक्षक येतो? शिकवणारा आणि पास करणारा एकच असेल तर त्या कागदाचं वजन तुम्हीच ठरवा. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द तर कुणीही छापू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

डिचोलीकरीणताईंच्या मुद्द्यासाठी: आधीपासून येणाऱ्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, आरपीएल म्हणतात. हात बसलेल्या माणसाने पुन्हा पहिलीपासून शिकायची गरज नाही.

मिसिसागाकर
कॅनडातून लिहितोय, मूळचा म्हापशाचा. इथे ओंटारियोत मसाज थेरपिस्ट हा कायद्याने नोंदणीकृत आरोग्य व्यवसाय आहे. साधारण दोन वर्षांचा डिप्लोमा, मग लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष हातकामाची परीक्षा. त्याशिवाय नावापुढे ती पदवी लावली तर गुन्हा. नोकरीच्या आरोग्यविम्यातून बिल मिळतं, त्यामुळे लोक दातांच्या डॉक्टरकडे जावं तसे नेमाने जातात. आमच्या शेजारची मुलगी हेच करते आणि तिच्या आईवडिलांना त्याचा अभिमान आहे. मावशी, भावाला हे जरूर सांगा.

अमेरिकेत राज्याराज्यात फरक. न्यूयॉर्कला १,००० तासांचं शिक्षण लागतं, फ्लोरिडा-टेक्सासात ५००.

स्विंडनवासी
इंग्लंडात असं काही नाही हां. इथे मालीश करणाऱ्याला देशपातळीवरचा कायद्याचा परवानाच लागत नाही, स्वेच्छेने नोंदणी करायची सोय आहे. तरी लोक नोंदणी असलेलाच शोधतात, कारण विमा कंपनी आणि चांगली क्लिनिकं तेच विचारतात. म्हणजे परदेशात सगळं आखीवरेखीव असतं असं नाही.

अश्वेवाली
काल संध्याकाळी लिहिते म्हटलं होतं, कामातून सुटका झाली नाही. आता निवांत लिहिते.

तासांचं आधी. थायलंडमध्ये आरोग्य-मालीशचा पायाभूत कोर्स १५० तासांचा धरतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरातली शाळा १९५५ पासून आहे आणि २०१९ मध्ये थाई मालीश युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. तिथले थेरपिस्ट काम सुरू करण्याआधी ज्याला वंदन करतात तो जीवक, राजगृहाचा, बुद्धाचा वैद्य. आपलाच माणूस, आणि त्याच्या नावाने शिस्त लागली ती तिकडे.

पण १५० असोत की ५००, तास नुसते मोजून उपयोग नाही. त्या तासांत किती वेगवेगळ्या अंगांवर हात फिरला ते विचारा. वर्गातल्या मैत्रिणी एकमेकींवर सराव करतात, सगळ्या विशीतल्या, सगळ्या सडपातळ. मग पहिल्या दिवशी समोर येतो सव्वाशे किलोचा माणूस किंवा सत्तरीची आजी, आणि मुलगी गांगरते. मी शिकवते तेव्हा गावातल्या मासे विकणाऱ्या बायका, माडी काढणारे रेंदेर, पाव पोचवणारे पोदेर, असे लोक बोलावते. रेंदेराचे खांदे आणि मांड्या माडावर चढून-उतरून दगड झालेल्या असतात. मासेवालीची मान एका बाजूला आखडलेली असते. अशा दहा अंगांवर मी शेजारी उभी राहून केलेला सराव, पुस्तकातल्या शंभर पानांपेक्षा जास्त शिकवतो.

दुसरं, स्वतःचं अंग. याबद्दल कुणीच बोललं नाही. या कामात अंगठे आधी जातात. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला की चहाचा कप धरवत नाही, आणि माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींनी त्यापायी काम सोडलं. चांगली शिकवणारी पहिल्या दिवशी टेबलाची उंची लावायला शिकवते. टेबलाशेजारी सरळ उभं राहायचं, हात खाली सोडून मूठ वळायची, बोटांची पेरं टेबलाला टेकतात ती उंची. मग एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, आणि दाब खांद्यातून न देता अख्खं शरीर पुढे झुकवून द्यायचा. अंगठा वापरायचाच तर मागून दुसऱ्या हाताचा आधार. दिवसाला किती मालीश करायच्या यालाही मर्यादा हवी. सीझनमध्ये मालक सात-आठ लावतो, मधे जेवायला वेळ नाही. यावर मानक हवं की नको?

तिसरं, चादर. माणूस पूर्ण झाकलेला राहतो आणि ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा होतो. पाय उघडताना चादर मांडीखाली खोचून घट्ट करायची, कुशीवर वळवताना ती उंच धरून आपण मान फिरवायची. हे नीट जमलं की समोरच्याला आपोआप कळतं की इथे काय मिळतं आणि काय मिळत नाही. नव्या मुलींना मी हे तेलाच्याही आधी शिकवते.

आणि ज्याला सगळे भितात ते. हो, गैर मागणी करणारी गिऱ्हाइकं येतात. मी शिकत होते तेव्हा यावर एक अक्षरही कुणी बोललं नाही, आणि एका ठिकाणी तक्रार केली तर मालक म्हणाला, हसून सोडून दे. माझ्या मुलींना मी वाक्य पाठ करून घेते: "मालीश इथे संपली, मी बाहेर जाते आहे." दार आतून कडी न घालणं, बाहेर कुणीतरी असणं, उरलेल्या वेळाचे पैसे न कापणं, हे मालकाशी कामावर लागतानाच ठरवायचं. मावशी, ज्या संस्थेत हा विषय अभ्यासक्रमात आहे ती संस्था या कामाला गंभीरपणे घेते असं खुशाल समजा.

आल्तिनोवरून
अश्वेवालीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा गिऱ्हाइकाकडून होणाऱ्या छळालाही लागू पडतो, कामावर येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. लहान स्पा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते.

फिजिओ_फोंडा
अप्रतिम पोस्ट. एकच जोड: शरीररचनेचा तास कमी करू नका. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो हे माहीत नसेल तर दाब कुठल्या दिशेने द्यायचा हे कसं ठरवणार? माझं तर मत आहे की परवाना द्यायचाच तर किमान फिजिओथेरपीचा काही भाग सक्तीचा करावा.

अश्वेवाली
इथे आपलं जमायचं नाही. दिल्लीत २०२१ मध्ये स्पांसाठी नियमावली काढली, तेव्हा मालीश करणाऱ्याकडे फिजिओथेरपी, ॲक्युप्रेशर किंवा ऑक्युपेशनल थेरपीचा कागद हवा असं लिहिलं. तुम्हीच सांगा, साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकलेली मुलगी स्पात तेल लावायला येईल का? मग होतं काय, कामाचा हात असलेली माणसं बेकायदा ठरतात आणि कागद विकत आणणारे कायदेशीर.

आल्तिनोवरून
त्याच नियमावलीत स्त्री-पुरुषांनी एकमेकांना मालीश करण्यावरही बंदी होती आणि त्या बंदीला दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगिती दिली. शिक्षणाचा प्रश्न पोलिसी बंदोबस्ताने सुटत नाही, हे त्यातून दिसलं.

वैद्य_अंत्रुज
केरळातल्या पद्धतीत बाईला बाई, पुरुषाला पुरुष हा रिवाज आहे आणि मला तो योग्य वाटतो. पण तो उपचाराच्या मर्यादेचा भाग म्हणून. बंदी घालून गुन्हेगार शोधायला नव्हे.

फिजिओ_फोंडा
अश्वेवालीताई, पदवी मागतच नाही. हाडं, स्नायू, रक्ताभिसरण, धोक्याच्या जागा आणि तपासणीचे प्रश्न, एवढं मागतो. पन्नास-साठ तासांत होतं, शिकवणारा चांगला हवा.

अश्वेवाली
तेवढ्याला माझा होकार, वर तुम्ही स्वतः शिकवायला या.

केपेकर
परवाना आणला की इन्स्पेक्टर येणार, इन्स्पेक्टर आला की पाकीट येणार. त्यापेक्षा गिऱ्हाईकच ठरवील कोण चांगला.

हरमलकर
केपेकर बाब, गिऱ्हाईक चार दिवसांसाठी येतं. पाठ बिघडली तर त्याला कळतं परत गेल्यावर, विमानात. ते काय ठरवणार? मला मालक म्हणून एखादी यादी हवी, जिथे नाव घालून बघता येईल की या माणसाची परीक्षा खरोखर झाली आहे. तेवढं मिळालं तरी मी पगार वाढवून देईन, कारण मग गिऱ्हाइकाकडून दर वाढवून घेता येतो.

माशेलची_मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं कागदावर उतरवून भाचीला घेऊन दोन ठिकाणी जाऊन आले. नावं लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी 'परीक्षा कोण घेतं' विचारलं तर बाई म्हणाल्या, परीक्षा कशाला, सगळे पासच होतात. शिकवायची खोली दाखवा म्हटलं तर मोबाईलवर फोटो दाखवले. फिजिओंचा पोटरीचा प्रश्न विचारला. उत्तर: जास्त तेल लावून हलकं चोळायचं. आम्ही उठलोच.

दुसरीकडे सहा टेबलं मांडलेली होती, एका कोपऱ्यात हाडांचा सांगाडा, आणि एक मुलगी खरोखरच टेबलाला मूठ टेकवून उंची लावत होती! भाचीने माझा दंड धरला. तिथल्या शिक्षिकेने पोटरीच्या प्रश्नाला 'हात लावायचा नाही, पाठवून द्यायचं' असं ताबडतोब उत्तर दिलं. बाहेरचा परीक्षक येतो. पण गैर गिऱ्हाइकाचं विचारलं तर त्या जरा अडखळल्या, म्हणाल्या ते मुली काम करता करता शिकतात. हे मला पटलेलं नाही.

भाऊही बरोबर आला होता. कॅनडाचं वाचून दाखवलं तेव्हा काही बोलला नाही, पण फीचे हप्ते कसे पडतात ते त्यानेच विचारलं.

आता अडचण एकच. तिथलं सगळं शिकवणं इंग्रजी-हिंदीत. भाची मराठी माध्यमाची, शरीररचनेला घाबरते आहे.

वैद्य_अंत्रुज
त्याची काळजी नको. आमच्याकडची नावं तिला सोपी जातील, मी मराठी नावांसकट हाडं आणि स्नायूंचे तक्ते व्यनिने (खासगी निरोपातून) पाठवते. शिवाय शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय आणि धारगळची आयुर्वेद संस्था, दोन्हीकडे पंचकर्म विभाग आहेत. एकदा जाऊन, परवानगी काढून, अभ्यंग कसा करतात ते तिने बघावं. पंचकर्मात जायचं नसलं तरी खऱ्या शिस्तीतलं काम बघितल्याने नजर तयार होते.

अश्वेवाली
कोर्स तिथे करू दे. गैर गिऱ्हाइकाचा धडा मी देते. सुट्टीच्या दिवशी अश्व्याला पाठवा, माझ्या मुलींबरोबर बसेल, सराव करील. त्याचे पैसे नाहीत. आणि त्या शिक्षिकेलाही विचारा, मी येऊन एक दिवस बोलले तर चालेल का? विषय अभ्यासक्रमात घालायला त्यांचीही ना नसावी, कसं बोलायचं हेच बहुतेकांना कळत नाही.

डिचोलीकरीण
मीही आईबरोबरच्या एक-दोन जणींना आरपीएलचं सांगितलं. एकीने विचारलं, परीक्षेला बाळ आणणार कोण? परीक्षकांना हे कुणीतरी विचारा, कारण प्रश्न रास्त आहे. स्पाच्या यादीत बाळ-बाळंतीण बसतच नाही.

हरमलकर
माझा पुतण्याही हे शिकायचं म्हणतोय. मुलग्यांना काम मिळतं का?

अश्वेवाली
नीट शिकला तर मिळतं. पुरुषाकडूनच मालीश हवी असणारी पुरुष गिऱ्हाइकं भरपूर आहेत, आणि आमच्या बाजूला चांगले मुलगे शोधून सापडत नाहीत. त्यालाही मावशींच्या भाचीबरोबर पाठवा. आणि तुमच्याकडे नोकरीला घ्याल तेव्हा दिवसाला पाचच्या वर मालीश लावू नका, काका असलात तरी.